तार मागे आणून बघितली का?

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. हे पत्र तू फाडणार, म्हणून मुद्दाम जाड कागद घेतला आहे. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याहून जास्त आई. तुझ्या खुर्चीत ती अजून कोणाला बसू देत नाही.

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस. जिना चढताना तुझी छाती भरून येते, अँजिओग्राफीत अर्धवट अडथळा दिसला, आणि तू डॉक्टरांना म्हणालास की दाबबिब मोजू नका, सरळ स्टेंट टाका. का म्हणालास ते मला लगेच कळलं.

बाबांना पोचवून आलो तेव्हा दारातच तू म्हणालास, "तुझ्या काटेकोरपणानं बाबांना खाल्लं." त्याला दीड वर्ष झालं. तेव्हा काय झालं होतं ते आता सांगते.

आमच्या हॉस्पिटलात बाबांची अँजिओग्राफी झाली, त्या दिवशी मॉनिटरवर टेक्निशियन मीच होते. अडथळ्याच्या पुढे बारीक तार नेऊन आम्ही तिथला दाब बघतो. अलीकडे शंभर असेल आणि पलीकडे ऐंशी किंवा कमी पोचत असेल, तर स्टेंट. बाबांचे अठ्ठ्याहत्तर आले. डॉक्टरांनी स्टेंट मागवलासुद्धा. पण शेवटी तार मागे, अडथळ्याच्या अलीकडे आणून बघायची असते. तिथे दोन्ही दाब सारखे हवेत. ते नव्हते, तार कमी दाखवत होती. मी थांबवलं. बाबा टेबलावरून म्हणाले, "पट्टी, आता तरी पुरे कर गं." सगळे हसले. तार जुळवून पुन्हा मोजलं, शहाऐंशी आले. गोळ्या लिहून दिल्या आणि बाबा खुशीत घरी आले.

सात महिन्यांनी आरशासमोर कोसळले. अर्धीच दाढी झाली होती.

तीच नस होती का, हे कोणालाच सांगता येत नाही. नसेल, असं मी स्वतःला खूप समजावलं, पटत नाही. गप्प बसले असते तर, हा विचार एक दिवस सोडत नाही दादा. चुकीच्या आकड्यावर का होईना, बाबा कदाचित असते.

तरी अजून प्रत्येक वेळी मी तार मागे आणून बघते. टेबलावर कोणाचे तरी बाबा असतात. त्यांना वाटेल तो आकडा सांगायला माझी जीभ रेटत नाही.

गुरुवारी तुझ्या डॉक्टरांना दाब मोजू दे. मी येणार नाही, तुला नको असेन तर. फक्त शेवटी विचार, तार मागे आणून बघितली का? मग जे येईल ते येईल. आटोपलं की वहिनीला एक मिस्ड कॉल द्यायला सांग, मी फोन हातातच धरून बसेन.

पट्टी हे नाव तूच ठेवलंस. दोन ग्लासांत दूध ओतून मी काठाला डोळा लावून बघायचे म्हणून. तुला कधी बोलले नाही, पण थेंबभर जास्त निघालं की तो ग्लास मी तुझ्याकडे सरकवायचे.

तुझीच,
पट्टी