एकदाच वापरायची रिंग

सोमवार, ३ फेब्रुवारी

शिसारी आली आज. अख्खी सकाळ मीटिंग, आणि विषय काय — रबर लावायचं की तांबं! हे विचारावं लागतं? कणांचा झोत ज्या पेटीत जाऊन आदळणार, तिच्यातली हवा उपसून ती घट्ट बंद ठेवायची. झाकणाच्या सांध्यात रिंग लागते. रबराची पटकन बसते, पण किरणोत्सर्गाने ती कडक होऊन तडकते. मग ती बदलायला त्या पेटीपाशी कुणीतरी जायचं, पुन्हा पुन्हा, अंगावर किरणं घेत. तांब्याची बसवायला कटकट, पण एकदा बसली की वर्षानुवर्षं तिकडे फिरकायला नको.

साहेबांना रबर हवंय. कारण? नव्या यंत्राच्या उद्घाटनाची तारीख ठरलीय. बाकीचे सगळे माना डोलवत होते. इतकं शिकून हे शिकले!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

त्याच मंडळींबरोबर चहा घ्यावा लागला. अर्धा कप तसाच सोडून उठले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रबर मंजूर झालं तर आत कोण जाणार? साहेब नाहीत, एवढं नक्की. मामा जाणार — आमचा फिटर. सगळा विभाग त्याला मामाच म्हणतो. माझ्याच वयाचा, दोन मुली, आणि इतकी वर्षं झाली तरी अजून कंत्राटावर. त्याच्या जिवावर ह्यांच्या फिती कापायच्या! मी त्याला सांगितलं, तुम्हाला आत जाऊ देणार नाही. तो पाने पुसत होता. म्हणाला, बघा ताई, तुम्ही म्हणाल तसं. भिडस्त माणूस. त्याच्यासाठी भांडायचं ते मीच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जुन्या यंत्रातून काढलेली रबराची रिंग मीटिंगमध्ये घेऊन गेले. सगळ्यांसमोर वाकवली — कट्‌कन मोडली. तुकडे टेबलावर ठेवले. साहेबांनी बोटानं बाजूला सारले आणि म्हणाले, हे टोकाचं उदाहरण झालं. कपाळ माझं!

तरी एक पदरात पडलं. येत्या गुरुवारी तांब्याची रिंग लावून चाचणी. गळती निघाली नाही तर तांबं. सोमवारी शेवटचा निर्णय.

रविवार, ९ फेब्रुवारी

जेवताना पुन्हा तेच पुराण लावलं. आई म्हणाली, "तुझ्या रबराचा एकदाचा काय तो निकाल लागू दे बाई, म्हणजे घरात कुणाला भाजीला मीठ कमी आहे एवढं तरी सांगता येईल." ह्यांना हसताना ठसका लागला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गळली.

नवी कोरी रिंग मी स्वतः पाकिटातून काढून मामाच्या हातात दिली. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं — ताबडतोब या म्हणे. काम काय, तर उद्घाटनाला पडदा कुठल्या रंगाचा! परत आले तोवर मामाने झाकण आवळलेलं. सांध्यावरून हेलियम वायू फिरवला आणि गळती दाखवणारा काटा उडालाच. वायू आत शिरत होता सरळ. साहेब खांद्याशी येऊन हळूच म्हणाले, राहू दे, होतं असं. त्यांचा तो गोड आवाज अजून कानात चिकटून बसलाय. घरी येऊन तोंड धुतलं, तरी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झाकण उघडलं. रिंगवर दोन चऱ्या! तांब्याची रिंग एकदाच वापरायची असते — झाकणाची धार तिच्यात रुतते, चरी पडते. तीच दुसऱ्यांदा लावली की गळणारच. हे इथे झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. मी दिलेली कोरी होती. कुणीतरी बदलली. आणि नेमकं तेव्हाच मला बाहेर कुणी बोलावलं?

इतक्या खालच्या थराला जातात माणसं! सोमवारी भर मीटिंगमध्ये साहेबांचं नाव घेणार. काय व्हायचं ते होवो. मामाला साक्षीला उभा करते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मीटिंगला निघाले होते. मामा खोलीत आला, दार लोटून घेतलं.

"साहेबांचं नाव घेऊ नका, ताई. जुनी रिंग मी लावली."

का, एवढंच विचारलं.

"तुमची रिंग बसली की आत जायला माणूसच लागत नाही. मग मला कशाला ठेवतील?"

रबर मंजूर झालं. साहेबांचं नाव मी घेतलं नाही, मामाचंही नाही.