मागून दिलेला आवाज

११ फेब्रुवारी

तिन्ही गाड्या जाणार! बाळने सकाळी फोनवर सांगितलं, तेही जाता जाता. "ताई, भंगारवाला ठरला. तेवीसला क्रेन घेऊन येतोय." आणि त्याच दमात, "तुझा गुडघा कसा आहे?"

गुडघा बरा आहे.

१२ फेब्रुवारी

आमच्या घरात 'गाडी' म्हणजे ट्रक. पुढे कार आली, पण तिला आईने कधी गाडी म्हटलं नाही. "ते डबडं" म्हणायची. खऱ्या गाड्या तीन — थोरली, मधली, धाकटी. थोरली बाळच्याही आधीची. "मला पाच पोरं," आई पाहुण्यांना सांगायची, "दोन जेवतात, तीन डिझेल पितात."

मी थोरलीतून शाळेत जायची. टोपीकाका चालवायचे. बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून टोपीकाका. इतर मुली कारमधून उतरायच्या. मला कधी लाज वाटली नाही. एवढ्या उंचावरून त्यांच्या कारची टपं दिसायची, टपांवरची पक्ष्यांची घाण दिसायची! काका मला दोन्ही हातांनी धरून खाली ठेवायचे, जपून, काचेचं सामान ठेवावं तसं. युनिफॉर्मला डिझेलचा वास यायचा. सिस्टर जवळ आल्या की मी श्वास रोखायची, जसा काही वास माझ्या श्वासातून येत होता.

केबिनमध्ये सीटच्या मागे झोपायची फळी होती. तिच्यावर मी आणि बाळ. बाळच्या पायाला नेहमी माती.

टोपीकाकांबद्दल लिहायचं नव्हतं. लिहून झालं.

१४ फेब्रुवारी

बाळकडे राहायला आले. आवार साफ करायचं आहे, कागद चाळायचे आहेत.

त्याने एक छान गोष्ट ठरवली आहे — क्रेन यायच्या आधी, तेवीसला सकाळी, बाबांच्या वेळच्या सगळ्या ड्रायव्हरांना बोलवायचं. हयात आहेत तेवढ्यांना. चहा, खाणं, आणि ज्याला वाटेल त्याने आपल्या जुन्या गाडीत एकदा बसायचं. थोरली तर अजून सुरू होते, बाळने नवी बॅटरी बसवली आहे. आवारात फेरी मारता येईल.

यादी मीच लिहून घेतली. सात नावं. पेन खाली ठेवलं नाही.

"झाली?" तो म्हणाला.

"टोपीकाका?"

तो वहिनीकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही. "तो या आवारात पाय ठेवणार नाही, ताई. बाबांचा हात खाल्ला त्याने."

"इतकी वर्षं झाली रे —"

"हाताला बोटं फुटली का त्या वर्षांत?"

वहिनी म्हणाली, "चहा गार होतोय."

१५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

या वहीत तरी लिहावं. सिस्टर म्हणायच्या, सुरू केलेलं वाक्य पुरं कर. हे एकोणपन्नास वर्षं अर्धं आहे.

बाबांचा आवारातला एक नियम होता. गाडी मागे घेताना जो मागे उभा राहून आवाज देईल, त्याचं ऐकायचं. मालक काही म्हणो, आरशात काही दिसो. मागच्याचा शब्द शेवटचा. "येऊ दे" म्हणाला की घ्यायची, "बस" म्हणाला की जागच्या जागी थांबवायची. आणि शाळेतल्या वक्तृत्वाने माझा आवाज असा तयार झाला होता की इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू जायचा. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ते काम माझं. बाबा ड्रायव्हरांना ऐटीत सांगायचे, "पन्नास रुपये फी भरतो मी त्या आवाजाची!"

मी तेरा वर्षांची. शनिवार. टोपीकाका थोरली गोदामाच्या ओट्याला लावत होते. सोमवारी स्पर्धा होती, आणि मी मनातल्या मनात माझं भाषण म्हणत होते. तोंडाने चाललं होतं — येऊ दे... येऊ दे... येऊ दे... ओट्याच्या कडेला चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा पडला होता. बाबा तो काढायला बाजूने वाकले. न सांगता. कशाला सांगतील? मागे मी होते ना.

मला ते वाकलेले दिसले. दिसले! पण मी भाषणाच्या तिसऱ्या परिच्छेदात होते. आणि मी म्हटलं, "येऊ दे."

उजव्या हाताची चार बोटं. अंगठा राहिला.

माणसं धावली. टोपीकाका केबिनमधून उडी मारून आले, बाबांना बघितलं, मला बघितलं. कोणी विचारायच्या आत म्हणाले, "पोरगी बस म्हणाली होती. माझाच पाय घसरला ब्रेकवरून."

मी काही बोलले नाही. बास. एवढंच आहे ते.

१८ फेब्रुवारी

एवढंच नाही.

आठ दिवसांत काकांना कामावरून काढलं. बाबांनी एक शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. मला वाटलं, बाबा किती मोठ्या मनाचे. बाकी मालकांची मनं तेवढी मोठी नव्हती. मालकाचा हात चिरडणाऱ्या ड्रायव्हरला गाडी कोण देणार? त्यांना परत कधीच गाडी मिळाली नाही. हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर लागले. दुसऱ्यांचे ट्रक काट्यावर चढायचे, उतरायचे, हे चिठ्ठी फाडून द्यायचे. माझ्या लग्नानंतर एकदा आमची कार तिथे थांबली होती. टोपी दिसली. मी काच वर केली.

बाबांनी मला पुन्हा कधी मागे उभं केलं नाही. "तू अभ्यास कर," म्हणाले. मी घाबरले असेन म्हणून, असं मी समजले.

२० फेब्रुवारी

आज दिवसभर गाड्या धुतल्या. भंगारात जाणाऱ्या गाड्यांना आंघोळ! वहिनी कमरेवर हात ठेवून उभी. "बहीणभाऊ लोखंडाला मिठ्या मारताय. सासरे असते तर त्यांनी दोघांना कान धरून आत नेलं असतं."

"तू पण ये," बाळ म्हणाला. "धाकटीची पाठ राहिली आहे."

"माझी पाठ कोण चोळतंय इथे!"

मी खूप हसले. बाळ अठ्ठावन्न वर्षांचा झाला, टपावर चढला की नऊ वर्षांचा. मधलीच्या दारावर आतून खिळ्याने काढलेलं एक बदक सापडलं. ते मी काढलेलं, असं तो म्हणतो. मी म्हणते, त्याने.

तो मजेत होता, म्हणून ठरवलं आता बोलावं. म्हटलं, "बाळ, त्या दिवशी समजा टोपीकाकांची चूक नसेल तर?"

बादली खाली ठेवली त्याने. "मग कुणाची? बाबांची?"

"तसं नाही —"

"चार वर्षं बाबांच्या शर्टाची बटणं मी लावली, ताई. रोज सकाळी. शाळेत जायच्या आधी. डाव्या हाताने त्यांना जमायची नाहीत आणि आईला लावू द्यायचे नाहीत. तू वर तुझे धडे पाठ करत असायचीस. मला त्याची बाजू सांगू नकोस."

पाण्याची नळी त्याने बंदही केली नाही, तशीच टाकून आत गेला. मी बंद केली.

२१ फेब्रुवारी

बटणांचं मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून.

२२ फेब्रुवारी

उद्या क्रेन. अजून वेळ आहे. वजनकाट्यावर फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, "टोपीवाले आजोबा? आहेत की! काम सोडलं, पण मागच्याच खोलीत लेकीजवळ राहतात. बोलावू?" मी नको म्हटलं. आधी बाळला सांगायला हवं.

दुपारी तो बाजारात. संध्याकाळी पाहुणे. मग त्याचं डोकं दुखत होतं.

ही सगळी कारणं आहेत, मला कळतं.

२३ फेब्रुवारी

पाच जण आले. एक काठी घेऊन, एक मुलाच्या हाताला धरून. सगळ्यांनी मला "ताईसाहेब, आवाज द्या की!" म्हणून चिडवलं. एकजण धाकटीत बसला तो उतरेचना, स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसून राहिला. वहिनीने चहाचा कप वर खिडकीतून दिला.

थोरली मात्र हलेना. इंजिन सुरू, पण गिअर पडेना. तिघांनी हात चालवून बघितला.

काठीवाले म्हणाले, "हिचा दुसरा गिअर लबाड आहे. टोपीवाल्याशिवाय कुणाला जुमानायची नाही ती. तो असता तर एका बोटाने टाकला असता."

बाळने चावी फिरवून इंजिन बंद केलं. कुणी कुणाकडे बघेना.

तेव्हा बोलायला हवं होतं! सगळ्यांसमोर, त्या क्षणी. शब्द तोंडात आलेही होते. पण मी म्हटलं काय, तर — "अजून कुणाला चहा?"

अकराला क्रेन आली. आधी धाकटी, मग मधली. थोरलीला उचललं तेव्हा तिच्या खालून माती गळत होती. बाळने तोंड फिरवलं. मी शेवटपर्यंत बघितलं. तेवढी तरी शिक्षा.

२४ फेब्रुवारी

सांगितलं.

रिकाम्या आवारात तेलाचे तीन मोठे डाग उरलेत. बाळ त्यांवर लाकडाचा भुसा टाकत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं — भाषण, ठोकळा, "येऊ दे". कार आणि वर केलेली काच सुद्धा. तो भुसा टाकतच राहिला. डाग कधीच झाकला गेला होता, तरी टाकत राहिला.

मग म्हणाला, "हे परवा सांगितलं असतंस, तर काल ते थोरलीत बसले असते."

रागावला असता तर बरं झालं असतं.

जेवताना वहिनीने ताटात वाढलं आणि हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे तिला सांगितलं त्याने. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग. त्यांना सांग. गुरुवारी नेतो तुला. मी बाहेर थांबेन."

२६ फेब्रुवारी

बाळ बाहेर थांबला नाही, माझ्या मागोमाग आत आला. टोपीकाकांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"मला ठाऊक आहे की गं. मालकांनाही ठाऊक होतं. मला बंद केबिनमध्ये ऐकू आलं, तर त्यांना नसेल आलं? दवाखान्यात मला म्हणाले, पोरीचं नाव कधी निघता कामा नये. तू समोर राहिलास तर एक दिवस निघेल. तू जा. — मग गेलो."

बाबा माझ्यापासून चार पावलांवर होते. एकोणपन्नास वर्षांत हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

येताना बाळने अर्ध्या वाटेत कार कडेला घेतली, इंजिन बंद केलं. म्हणाला, "ताई, मग मी इतकी वर्षं रागावलो कुणावर?"