हातगुण

देऊळघाट
२१ ऑगस्ट २००८

प्रिय धम्मदादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. आई सुलतानपूरले मावशीकडे गेली. शेळी व्याली, दोन पाठी झाल्या.

परवा तुझा फोन आला तवा बाबा बाजूलेच होते. तू सांगे ते मी त्यायले सांगत होती. मिरचीवरच्या या विषाणूले पाय नाहीत, एका पेशीतून दुसरीत जायची वाट त्याले झाडाचीच जनुकं मोकळी करून देतात, झाडाची मदत नसली तर तो जागचा हलत नाही. मले वाटलं, दोष झाडाचाच निघाला तं बाबाच्या मनावरचं ओझं उतरंल.

"म्हणजे घरचंच कोणी कडी काढते," बाबा म्हणाले.

मंग तू विचारलं, रोपाले कोणाचा हात लागला, हात तंबाखूचा होता का. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "तंबाखूतून येते?" जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तुले तर माहीत आहे. बीटी कपाशीनं दगा दिल्यावर बाबांनी मिरचीचं रोप टाकणं धरलं, अन् गावानं त्यायले डोक्यावर घेतलं. माणिकरावच्या हाताले गुण आहे म्हणत. कोणाच्याही वावरात पहिलं रोप बाबांनीच लावायचं, शेंडा खुडून द्यायचा. औंदा तं साऱ्या शिवारात मानानं फिरले, तळहातावर तंबाखू मळत मळत. आता त्याच वावरांत मिरची आखडून राह्यली, पानावर पिवळे-हिरवे चट्टे. बाबांच्या रोपापासून सुरू झालं, निंदणाऱ्या बायांच्या हातानं पुढं गेलं.

रज्जाकभाई आले होते. त्यायचं सारं वावर गेलं. चहा घेतला, "नसीब आहे, माणिकभाऊ," म्हणाले अन् गेले. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. ते गेल्यावर बाबा राखेनं हात घासत बसले. तंबाखूची डबी चुलीत टाकली. शेळीच्या पिलायलेही हात लावत नाहीत.

मले लय भेव लागते, दादा. काऊन, ते लिहायले हात धजत नाही.

काल सांजच्याले त्यायनं अगदी शांतपणानं विचारलं, "पोरी, फवारणीचं औषध कुठी ठेवलं?" संपलं, म्हणाली मी. खरं तं डबा मी शेजारच्या आशाबाईच्या घरी नेऊन ठेवला. तरी ते गोठ्यात हुडकत होते.

या रोगाले औषधच नाही, हे तूच सांगितलं होतं ना? ते मी त्यायले तवाच सांगितलं. दोनदा सांगितलं.

फोनवर हे बोलता येत नाही, ते तिथंच बसून असतात. गावातला जावेद आज तुझ्याकडं अकोल्याले येऊन राह्यला, हे पत्र त्याच्या हाती देते. उत्तर लिहू नको. त्याच्याचसंगं परत ये. अन् आल्याबरोबर आधी त्यायचे हात हातात घे.

बाबांवरची नजर न काढता हे लिहिणारी,
तुझी वैष्णवी