काठी कुणी बांधली?

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावर फार विसंबू नकोस.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. मी वेवजीला परत आले, शाळा उघडली, मुलांकडून पाढे म्हणून घेतले. पण चित्त ठिकाणावर नाही. कारण तेराव्याला बावाजी आले होते. हो, चिकूच्या वाडीचे बावाजी, ज्यांचे घोडे तू इतकी वर्षं सांभाळलेस. आता फार थकलेत. आगर गावातल्या आपल्या अंगणात बसले, वहिनीचं सांत्वन केलं, तुझं नाव काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे वळले.

"तूच ने हरीची बेन? ती बांबू बांधनारी? जाऊ दे पोरी, मी तुला कवाच माफ केला."

माफ केलं! मला!

क्षणभर मला कळेचना ते कशाबद्दल बोलतायत. आणि कळलं तेव्हा वाटलं, तू समोर असतास तर मी तुला सगळ्या पाहुण्यांसमोर जाब विचारला असता. नेमका तूच तेवढा नव्हतास.

आपल्याला घोड्यांच्या उड्यांचं वेड लागलं ते बावाजींच्याच घरामुळे. त्यांची विलायती मासिकं वाचून झाली की तू ती घरी आणायचास. सगळं आगर भरती-ओहोटीचं आणि बोंबलाच्या भावाचं बोलायचं, आणि आपण दोघं चुलीशी बसून कुठल्याशा परक्या देशातल्या घोड्याने किती उंच उडी मारली ते मोजायचो. घोडेस्वारांची नावं आपल्याला वाचता येत नव्हती, म्हणून आपणच ठेवली. तुझा तो लांब नाकाचा जर्मन. माझा 'मामलेदार', कारण घोडा हवेत असतानाही तो कचेरीत बसल्यासारखा ताठ! अडथळ्यावरची आडवी काठी पडली की चार दोष, घोडा अडून बसला की तीन. आईला वाटायचं, आपण जुगार शिकतोय.

आणि डहाणूतला तंबूचा सिनेमा? पिक्चरच्या आधी बातम्यांची फिल्म लागायची, त्यात एकदा दोन मिनिटं घोड्यांच्या उड्या दाखवल्या. त्या दोन मिनिटांसाठी आपण एका आठवड्यात तीनदा गेलो. उड्या संपल्या की उठायचो. दारावरचा माणूस ओरडायचा, "अहो, पिक्चर तर आता सुरू होतंय!" तिसऱ्या वेळी मी तुझं मनगट घट्ट धरलं होतं. "दादा, बघितलंस? काठी बांधलेली नसते. नुसती टेकवलेली असते. पाय लागला की पडते, म्हणून घोडा वाचतो." तू म्हणालास, "घारीची नजर आहे गो तुझी, येसू." मी किती दिवस त्या शब्दांवर तरंगत होते!

मग त्या सकाळी तू काय केलंस?

ओहोटी होती. बावाजींच्या सुलतान घोड्याला वाळूवर फिरवायचं काम तुझं. दोन पिपं उभी करून तू वर बोंबील सुकवायचा बांबू आडवा ठेवलास, आणि मी पोचेपर्यंत दोन्ही टोकं काथ्याने करकचून बांधलीस. मी लांबूनच ओरडले, "सोड ती गाठ!" "वाऱ्याने पडेल गो," म्हणालास आणि घोड्यावर चढलास. मला नवल नाही वाटत. बोंबलाची काठी सैल राहिली की सगळा माल वाळूत, हे आईने आपल्याला मारून शिकवलंय. आपल्या हातांना बांबू दिसला की ते गाठ मारतात. चूक कुणाकडूनही होते, दादा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सुलतान गुडघ्यांवर आपटला. पुन्हा कधी त्याने उडी मारली नाही.

"बावाजींना खरं सांग," मी म्हणाले. संध्याकाळी तू आलास. "सांगितलं," म्हणालास. "रागावले?" "रागावले. झालं आता." आणि ताट ओढून जेवायला बसलास.

त्याच हिवाळ्यात परदेशी घोडेस्वार मुंबईला येणार होते. बावाजींनी आपल्या दोघांना मोटारीतून न्यायचं कबूल केलं होतं. मी आठवडाभर आधी पातळ धुऊन घडी करून ठेवलं. आदल्या दिवशी तू म्हणालास, "मोटारीत जागा नाही गो, येसू." मी रडले आणि विश्वास ठेवला. सकाळी उठून तुझ्यासाठी भाकऱ्या थापल्या. सुका बोंबील भाजून दिला. रस्त्यापर्यंत येऊन हातसुद्धा हलवला. गाडीत मागची जागा रिकामी दिसली होती, तरीही मला शंका आली नाही. किती मूर्ख होते मी! बांबू बांधणारीला बावाजी कशाला नेतील?

परत येऊन तू सगळं सांगितलंस. घोडे त्यांचे नव्हते, इथल्या पलटणीचे उसने घेतलेले. तरी मामलेदाराने अनोळखी घोड्यावर बसून एकही काठी पाडली नाही. मी आनंदाने रडले. दर होळीला तुझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायचे, आणि तू माझ्या डोळ्यांत बघून सांगायचास. दादा, तुझी जीभ एकदाही कशी अडखळली नाही रे?

दोनच महिन्यांनी तू बाबांशी भांडून मला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवलंस. गावात कुणाची मुलगी गेली नव्हती. मी आजवर तुझे उपकार सांगत फिरले. आता चार दिवस तेच एक उलटसुलट करून बघते आहे. ती माया होती की भरपाई? सांग ना! आता कुणाला विचारू?

बावाजींना मी काय उत्तर दिलं, ते ऐकायचंय? वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला त्याच वाडीत चिकू तोडायला जायचंय. मी म्हणाले, "हो बावाजी. चुकलं माझं."

ते गेल्यावर वहिनी जवळ आली. "बघा वन्सं, एवढा मोठा घोडा जायबंदी झाला, पण यांनी घरात कधी तुमचं नाव काढलं नाही. बहिणीला पाठीशी घालावं ते यांनीच."

मी मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

बावाजी जाताना आणखी एक सांगून गेले. या हिवाळ्यात पुन्हा परदेशी घोडेस्वार मुंबईला येतायत. मी शाळेत रजेचा अर्ज दिला आहे. कुणाच्या मोटारीची वाट बघणार नाही.

तेव्हा वचन देते. वहिनीला यातलं काही कळणार नाही, तिचा नवरा तिच्यापाशी तसाच राहील. आणि मी तो सामना पहिल्या उडीपासून शेवटच्या उडीपर्यंत बघेन, एकेक दोष मोजून. पण घरी आल्यावर तुझ्या तसबिरीपुढे उभी राहून तुला एक अक्षर सांगणार नाही. कोण जिंकलं, तेसुद्धा नाही.

तुझीच,
येसू