अकरा नंबरची मोटर

जुन्नर, सोमवार, १४ डिसेंबर १९९८

चार दिवस ही वही टाळतोय. आज लिहितो, कारण डोकं फिरलंय.

भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या यंत्राचं जोडणीचं चित्र मी काढलं, शेजारी सुट्या भागांची यादी केली. जाळी, बेअरिंग, पट्टा. अकरा नंबरला मोटर. चित्रात दिसते म्हणून लिहिली! आज दुपारी लोणी गावचं गिऱ्हाईक तो कागद नाचवत आलं. "यादीत मोटर हाय, मग यंत्रावर का न्हाई? द्या, न्हाईतर यंत्र परत न्या."

मोटर शेतकऱ्याने आपली लावायची, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. कागदाला कुठे माहीत?

वर्कशॉपचे मालक सलीमचाचा माझ्यावरच घसरले. "आपण देतो तेवढंच लिव. सकाळपर्यंत यादी सुधार, नायतर तुझा रस्ता धर, राव."

मोटर खोडली. मग पट्टा कशावर चढणार? सांगाड्यावरची भोकं कुठल्या मोटरच्या मापाची? परत लिहिली. मधेच रस्त्याने मेंढरं गेली, ती बघत उभा राहिलो, चहा गार. परत खोडली. एवढ्याशा मोटरपायी नोकरी जायची? शेवटी लिहिलीच, शेजारी 'गिऱ्हाइकाने आणायची'. हे आधी सुचू नये?

थांबतो, दारात टेम्पो आलाय. लोणीवाल्याची बायको उतरलीये, घरच्या चारा कापायच्या कडबाकुट्टीची मोटर घेऊन. चाचांवर ओरडतीये, "ही बसवा! आन् त्या कागदावर लिवा, मोटर माझ्या म्हायेरची हाय, ह्यांची न्हाई!"