मृत्युपत्राची प्रस्तावना

४ जानेवारी, सकाळ
उद्याच्या भाषणाची सुरुवात जमली. ‘माझ्या निवृत्त बंधुभगिनींनो, आपलं सगळ्यांचं एक दुःख सारखं आहे. आपली मुलं तब्येत विचारतात आणि त्याच दमात कागद कुठे ठेवलेत तेही विचारतात!’ इथे थांबायचं. पाणी प्यायचं. हॉल पेटणारच. पुढचा मुद्दा : घरात लग्न, मरण, भांडण, काहीही घडलं की मृत्युपत्र बदला. जुनं मृत्युपत्र म्हणजे मेलेल्या काळाने जिवंत माणसांना सोडलेला हुकूम. वाक्य माझंच. नोंद असावी.

५ जानेवारी
प्रचंड टाळ्या. शेवटी एका दाढीवाल्याने उठून विचारलं, सर, तुमचं शेवटचं कधी बदललंत? म्हटलं, नुकतंच.
घरी येऊन कपाट उघडलं. पहिली बायको गेली त्या वर्षीचं निघालं. घर चिरंजीवांना. हिचं नावच नाही. पण तेव्हा ही माझ्या आयुष्यातच नव्हती. म्हणजे दोष काळाचा.

१३ जानेवारी
हिला घेऊन वकीलबाईंकडे. वयाने सूनबाईएवढ्या, पण घाई फार. म्हणाल्या, काका, दोन ओळी पुरतात. घर मुलाला, पण काकूंना मरेपर्यंत तिथे राहायचा हक्क. सही करा, साक्षीदार दोन, बाहेरचे घ्या, चहा येईपर्यंत मोकळे. मी विचारलं, आणि प्रस्तावना? त्या म्हणाल्या, कशाची?
उठलो. ज्या समाजात माणसाची शेवटची इच्छा चहाच्या कपात मावते त्या समाजाचं काय होणार! मजकूर मीच लिहिणार.
बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत होती. लग्नाच्या वेळी हिने स्वतःच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या. टेलिफोन ऑपरेटर होती, नोकरीभर तिथेच राहिली. एवढंच म्हणाली, दोन ओळी झाल्या असत्या ना हो आज.

९ फेब्रुवारी
प्रस्तावना रोमन काळापर्यंत आली. गुडघा दुखतो. प्रिंटर बंद. चालढकल नाही ही, पूर्वतयारी आहे.

२ मार्च
चिरंजीव येऊन गेले. भिंतीची ओल बोटाने खरवडून पाहिली. खालच्या मजल्याला भाडं किती येतं ते विचारलं. हिला म्हणाले, मावशी, तुमच्याकडचे कोणी आहेत का हो अजून? चांगला मुलगा आहे, चौकशी करतो.
तो गेल्यावर हिने ओटा पुसून काढला. मग म्हणाली, तुमच्यामागे मी कुठे जायचं ते तरी एकदा सांगून ठेवा. मी धीर दिला, अकरा पानं झालीत. म्हणाली, ती काय अंथरून झोपू?
संकल्प : या महिन्यात सही. अटळ.

६ एप्रिल
कल्पना सुचली आणि अंगावर काटा आला. सही बंद खोलीत का करायची? भर सभेत करावी! लोकांना कृती दिसली पाहिजे. आणि पहिली साक्षीदार हीच. जिच्यासाठी लिहिलं, तिचीच साक्ष. याहून पवित्र साक्ष जगात कोणती?
वकीलबाई काहीतरी ‘बाहेरचे’ म्हणाल्या होत्या. पण घरच्या माणसावर विश्वास नाही, असा विचार वकिलांच्याच डोक्यात येणार.

१३ एप्रिल
ऐतिहासिक दिवस. सगळी प्रस्तावना वाचली. काही जण डुलत होते, पण भावनेने. मग सही. मग हिने नवा चष्मा लावून, हळूहळू, शाळेतल्यासारखं नाव लिहिलं. दुसरा साक्षीदार तो दाढीवाला. आता विचार म्हणावं, कधी बदललंत!
परत येताना हिने रस्त्यात माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, आज झोप लागेल.
वकीलबाईंना फोटो पाठवला. शिकतील.

१४ एप्रिल
वकीलबाईंचा फोन. आवाज चढलेला. म्हणे, ज्याला मिळणार आहे त्याची साक्ष चालत नाही. बाकी मृत्युपत्र शाबूत, पण काकूंचा हक्क बाद. काका, आजच्या आज नवीन करा, शेजारचे दोघे बोलवा.
कायदा आंधळा असतो हे माहीत होतं, निर्दय असतो हे आज कळलं.
अर्थात घाबरण्यासारखं काही नाही. पण पुन्हा सही केल्याचं दाढीवाल्याला कळलं तर गावभर हसत फिरेल. आणि ही गुणगुणत भाजी निवडते आहे. आत्ता सांगणं म्हणजे क्रूरपणा. जुलैत वार्षिक सभा आहे. तिथे ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून थाटात करू. आमचे वडील नव्वदीत गेले. वेळ भरपूर.

१ जून
आज ‘चूक दिसताच दुरुस्त करा’ या विषयावर बोललो. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. वकीलबाईंचे दोन मिस्ड कॉल. माणसाला यशाचा आनंद घेऊ देत नाहीत.

२७ जून
डावा हात. अक्षर वेडं.
उजवी बाजू गेली. वाचा गेली. तोंडातून नुसता आवाज. डॉक्टर म्हणतात, शब्द येतील, बघू. आणि म्हणतात, दुसरा झटका कधीही.
चिरंजीव आले. दाराबाहेर हिला सांगत होते, मावशी, तुमचं कुठेतरी बघून ठेवा, आत्ताच असं नाही.
ही आत आली ती हसतच. मला म्हणाली, बोलू दे त्याला. म्हणाली, मी त्याला ठणकावून सांगितलंय, माझा कागद झालाय, शंभर माणसांसमोर. मग हिने माझं पांघरूण सारखं केलं.
मी मान हलवली. नाही, नाही.
तिला वाटलं, पाणी नको.

२८ जून, सकाळ
हे पान तुझ्यासाठी. वही आज तुझ्या हातात देतो.
तो कागद तुला घर देत नाही. साक्षीदार म्हणून तुझी सही आहे, म्हणून तुझा हक्क गेला. सही मी करवली. मला एप्रिलपासून माहीत आहे. तू खूश होतीस म्हणून बोललो नाही असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मला लाज वाटली.
शुद्ध आहे. डाव्या हाताने सही होते, काल करून पाहिली. दोन परकी माणसं लागतील. वॉर्डात आहेत.
रडायचं ते नंतर रड, भांडायचं ते नंतर भांड. आधी वकीलबाईंना फोन कर.