घरच्या माणसाचा शेरा

दि. ६ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार सवयीने लिहिला आहे, आज मनातून आलेला नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला आधी शांत हो म्हणतोस आणि माझं डोकं आणखी फिरतं. म्हणून पत्र.

हे हल्ली कामावरून आले की बूट न काढताच खुर्चीत बसून राहतात. काल खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. तुझ्या हाताखाली लिफ्टदुरुस्तीची तुकडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला तू वर्षअखेरीला 'सुमार' असा शेरा दिलास म्हणे! गेल्या वर्षीही तोच दिला होतास. प्रत्येक तुकडीत एक तरी सुमार दाखवायचाच, हा तुमच्या कंपनीचा अजब नियम मला माहीत आहे. लागोपाठ दोनदा सुमार आला की हातात नारळ, हेही माहीत आहे. तुला माहीत नव्हतं का?

आणि त्याच आठवड्यात तू हॉलमध्ये माइक धरून मनावरचा ताण कसा घालवावा यावर सगळ्यांना भाषण ठोकलंस, वर प्रत्येकाला दाबायला एकेक रबरी चेंडू वाटलास. ह्यांचा चेंडू मी कचऱ्यात टाकला. फेकून मारायला तू जवळ नव्हतास, एवढंच.

जानेवारीपासून आमचं घर कशावर चालायचं, ते कळव. लोभ आहे म्हणूनच एवढी चिडले आहे.

तुझी,
धाकटी


दि. ११ डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुझं पत्र पोस्टमनने चिमट्यात धरून आणलं असणार, असं तुझी वहिनी म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

तुला वाटतं मी इथे मजेत आहे? हा आपल्या मेहुण्याला किती वर चढवतो, याकडे सगळा विभाग डोळे लावून बसलाय. चांगला शेरा दिला असता तर दुसऱ्या दिवशी चहाच्या यंत्रापाशी माझ्या नावाने कुजबुज सुरू झाली असती. दुसऱ्या कोणाला सुमार म्हटलं की तो रडतो, भांडतो, महिनाभर तोंड फिरवतो. घरचा माणूस समजून घेतो. गेल्या वर्षी मी मेहुण्यांना केबिनमध्ये बोलावून, हा शेरा तुमच्या नावावर लिहू का, असं रीतसर विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. यंदा पुन्हा विचारायची गरज वाटली नाही.

नोकरीचं म्हणशील तर मी आमच्या वरच्या साहेबांच्या कानावर घालून ठेवलंय. आतल्या आत मिटेल. तू कामाच्या गोष्टींत नाक खुपसू नकोस. राग ओसरला की खुशाली कळव.

तुझा,
दादा


दि. १५ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातली विनंती आज काढून टाक. ही मागणी आहे.

आतल्या आत काहीही मिटलेलं नाही. काल ह्यांच्या हातात नोटीस पडली. एकतीस तारीख शेवटची. तू साहेबांच्या एका कानावर घातलंस, ते दुसऱ्या कानाने निघून गेलेलं दिसतंय.

हो म्हणाले होते म्हणे! दार लावून समोर बसवायचं, आणि बायकोचा थोरला भाऊ आणि कामावरचा वरिष्ठ अशा दोघांनी एकाच खुर्चीतून विचारायचं. मग माणूस दुसरं काय म्हणणार? मी ह्यांना विचारलं. म्हणाले, की तुकडीतला एक जण नुकताच बाप झाला होता, एकाची आई आजारी होती, कोणाचं नाव पुढे करणार होतो? ह्यांनी त्या पोरांना शिकवलंय, की लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर हत्याराला हात लावायच्या आधी दाराशी तोंड नेऊन आतल्या माणसाशी बोलायचं. हेच उदाहरण तू तुझ्या ताणावरच्या भाषणात सांगून टाळ्या घेतल्यास. मग सुमार कोण रे?

तुला भित्रा म्हणताना मला लाज वाटते, पण तू भित्राच आहेस. चार जणांची कुजबुज टाळायला तू माझं घर पणाला लावलंस. आता बैठकीत उभा राहा आणि शेरा खोटा होता असं सगळ्यांदेखत, मोठ्याने सांग. तोवर मी लोभ वगैरे काही लिहिणार नाही.

धाकटी


दि. २३ डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. सांगितलं. सगळ्या विभागप्रमुखांसमोर सांगितलं, की दोन्ही वर्षी मी लोकांची बोलणी टाळायला शेरा लिहिला, काम बघून नाही. साहेब म्हणाले, की मग त्यांच्या जागी दुसरं नाव दे. मी म्हणालो, की या तुकडीत कोणी सुमार नाही, आणि नसलेला मी शोधून आणणार नाही. ते खवळले. एक शेरा खोटा तर बाकीचे खरे कशावरून, असं विचारलं. शेरे दिलेला एकेक चेहरा आठवत गेलो गं, आणि तेही पुन्हा तपासावे लागतील म्हणालो.

खोट्या शेऱ्यावर कोणाला काढता येत नाही, म्हणून नोटीस मागे घेतली आहे, शेरा बदलला आहे. माझी बढती गेली. जानेवारीत सगळ्यांचे शेरे मला नव्याने लिहायचे आहेत, शेजारी दुसरा विभागप्रमुख बसवून. साहेबांचा राग येतो, त्या मेल्या नियमाचा येतो, पण सगळ्यात जास्त माझा मलाच येतो. रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. मेहुण्यांशी समोरासमोर बोलेन. थोडाफार लोभ उरला असेल तर तेवढे दिवस धरून ठेव.

तुझा,
दादा


दि. २७ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार मनापासून आहे. बैठकीत उभा राहिलास, हे सोपं नव्हतं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. वाटलं होतं, लगेच तुला फोन लावतील. नाही लावला. माझा राग तुला ठाऊक आहे, भडकतो आणि विझतो. ह्यांचा राग मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. आवाज चढला नाही, पण बूट घालून एकटेच बाहेर चक्कर मारून आले.

मग म्हणाले, की दोघांना रविवारी येऊ दे, पोटभर जेवू घाल, पण माफीचा विषय नको. त्यापेक्षा दादांना एवढंच कळव, की इथून पुढे ऑफिसात मला परका समजा. परक्याचं नाव सुमारच्या रकान्यात लिहिताना दादांचा हात एकदा तरी अडखळला असता.

यावर मला तुझी बाजू घेता आली नाही, दादा. वहिनीस नमस्कार. लोभ आहेच.

तुझी,
धाकटी